सणांच्या सुट्ट्या आणि भंगाराचे भाव : दिल्ली परिसरातील धातू बाजाराची ओळख

राजधानी दिल्ली आणि तिला लागून असलेले हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान या राज्यांतील जिल्हे मिळून राष्ट्रीय राजधानी क्षेत्र तयार होते. धातूच्या भंगाराच्या व्यापारात या क्षेत्राची गणना देशातील प्रमुख केंद्रांमध्ये होते. लंडनच्या धातू बाजारातील दर, डॉलरचा विनिमय दर आणि पोलाद भट्ट्यांची मागणी या तीन गोष्टींवर भंगाराचे भाव ठरतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते बरोबरही आहे. मात्र वर्षातील काही आठवड्यांत या तिन्ही गोष्टी स्थिर असूनही दिल्लीतील भाव हलतात. त्यामागे सणांच्या सुट्ट्या असतात. कधी माल येत नाही, कधी मजूर नसतात, कधी ट्रक सीमेवर थांबतात, तर कधी लंडनचा बाजारच बंद असतो. या चढउतारांचे स्वरूप आणि त्यांचा भार नेमका कोणावर पडतो, याचा हा आढावा.

बाजाराची रचना

पश्चिम दिल्लीतील मायापुरी ही जुन्या मोटारगाड्या, यंत्रे आणि सर्व प्रकारच्या धातूंच्या भंगाराची सर्वात परिचित बाजारपेठ आहे. २०१० साली दिल्ली विद्यापीठातून लिलावात विकल्या गेलेल्या एका जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थामुळे येथे एकाचा मृत्यू झाला आणि अनेकजण बाधित झाले. तेव्हापासून हे नाव देशभर माहीत झाले. ईशान्य दिल्लीतील सीलमपूर येथे जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू सुट्या केल्या जातात. मंडोली परिसर अशा वस्तूंतून तांबे वेगळे करण्याच्या कामासाठी ओळखला जातो. वजीरपूरमध्ये स्टेनलेस स्टीलचे पत्रे लाटण्याचे कारखाने आहेत, तर हरियाणातील रेवाडी हे पितळी पत्रे आणि भांड्यांचे जुने केंद्र आहे. गाझियाबाद, मुझफ्फरनगर आणि भिवाडी येथे भंगार वितळवून पोलाद तयार करणाऱ्या भट्ट्या आहेत.

लोखंडाच्या भंगाराचा भाव मुख्यत्वे या भट्ट्यांच्या मागणीवर ठरतो. उत्तर भारतातील व्यापारी त्यासाठी पंजाबातील मंडी गोविंदगढ येथील दैनंदिन दराकडे पाहतात. भंगारापासून सळया बनवणाऱ्या उद्योगात महाराष्ट्रात जालन्याचे जे स्थान आहे, तेच उत्तरेत मंडी गोविंदगढचे आहे.

तांबे, पितळ, अ‍ॅल्युमिनियम, जस्त आणि शिसे यांचे गणित निराळे आहे. १८७७ साली स्थापन झालेल्या लंडन मेटल एक्स्चेंजमधील दर आणि रुपया-डॉलर विनिमय दर हा त्यांचा पाया असतो. समजा, लंडनमध्ये तांब्याचा दर टनाला ९,००० डॉलर आणि डॉलरचा दर ८५ रुपये आहे. मग शुद्ध तांब्याची मूळ किंमत किलोला ७६५ रुपये होते. भंगारातून प्रत्यक्ष किती तांबे निघेल, वितळवण्याचा खर्च किती आणि कर किती, हे पाहून भंगाराचा भाव त्याखाली ठरवला जातो. डॉलर एका रुपयाने महागला, तर याच हिशेबाने किलोमागे ९ रुपयांचा फरक पडतो.

दिवाळीपूर्वीचा पंधरवडा

सणांचा सर्वात ठळक परिणाम दिवाळीच्या सुमारास दिसतो. त्याची सुरुवात दिवाळीच्या बऱ्याच आधी होते. धनत्रयोदशीला, म्हणजेच उत्तरेकडील धनतेरसला, नवे भांडे विकत घेण्याची प्रथा आहे. ही भांडी दुकानात वेळेवर पोहोचावीत यासाठी कारखानदारांना पितळ, तांबे आणि स्टेनलेस स्टीलची खरेदी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच करावी लागते. त्यामुळे भांड्यांसाठी लागणाऱ्या भंगाराची मागणी सण येण्यापूर्वीच वाढलेली असते. मध्ये पितृपक्ष येतो. त्या काळात उत्तर भारतात नवी खरेदी टाळली जाते आणि किरकोळ बाजार मंदावतो. नवरात्र सुरू होताच उलाढाल पुन्हा वेग घेते.

प्रत्यक्ष धनत्रयोदशीच्या दिवशी दुकानांत गर्दी उसळते. पण तोपर्यंत कारखान्यांची भंगार खरेदी जवळजवळ संपलेली असते. सण जवळ आला म्हणजे धातू महाग होणार, असा सामान्य ग्राहकाचा समज असतो. भंगाराच्या बाजारात मात्र खरेदीचा जोर सणाच्या कित्येक आठवडे आधी येऊन गेलेला असतो.

याच सुमारास घरोघरी साफसफाई सुरू होते. जुने पंखे, कूलर, नळ, लोखंडी पलंग, अ‍ॅल्युमिनियमची भांडी आणि रद्दी एकाच वेळी बाहेर पडतात. कबाडीवाल्याकडे, म्हणजे आपल्याकडील भंगारवाल्याकडे, माल नेहमीपेक्षा कितीतरी अधिक येतो. त्याची गोदामातील जागा आणि हातातील रोकड मात्र तेवढीच असते. साहजिकच तो घरमालकाला देऊ करत असलेला दर खाली येतो. घाऊक भाव टिकून असतानाही किरकोळ खरेदीचा दर या दिवसांत पडतो, तो यामुळेच.

जुने भांडे देऊन नवे घेण्याची पद्धत महाराष्ट्रात आणि उत्तरेत सारखीच रूढ आहे. जुन्या धातूला मराठीत ‘मोड’ म्हणतात. भांड्यांच्या दुकानात मोडीचा दर आणि नव्या भांड्याचा दर यांत नेहमीच अंतर असते. दोन्ही दर एकाच दुकानदाराच्या हातात असल्याने सणाच्या गर्दीत हे अंतर ग्राहकाच्या लक्षात येतेच असे नाही.

विश्वकर्मा दिन ते छठ

महाराष्ट्रात अवजारांची आणि यंत्रांची पूजा खंडेनवमीला व दसऱ्याला होते. पंजाब, हरियाणा आणि दिल्ली परिसरात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आपल्या बलिप्रतिपदेच्या सुमारास, विश्वकर्मा दिन पाळला जातो. त्या दिवशी कारखाने बंद ठेवून यंत्रांची पूजा केली जाते. मूळच्या बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातील कामगारांमध्ये १७ सप्टेंबरच्या सुमारास येणारी विश्वकर्मा पूजाही प्रचलित असल्याने या क्षेत्रात दोन्ही दिवस पाळले जातात.

त्यानंतर भाऊबीज येते आणि दिवाळीपासून सहाव्या दिवशी छठपूजा. भंगाराची वर्गवारी करणारे, गॅस कटरने लोखंड कापणारे, ट्रक भरणारे आणि भट्टीवर काम करणारे बहुसंख्य मजूर बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातील असतात. छठसाठी गावी गेलेला मजूर लगेच परतत नाही. त्यामुळे दिवाळीनंतरचे एक-दोन आठवडे गोदामात माल असूनही तो भट्टीपर्यंत पोहोचत नाही. ही टंचाई ओळखून भट्ट्या दिवाळीपूर्वीच काही दिवसांचा साठा करून ठेवतात. कबाडीवाला घरमालकाला कमी दर देत असतो, तेव्हाच भट्टीच्या दारात वर्गवारी केलेल्या चांगल्या मालाला मागणी असते. दोन्ही टोकांच्या भावांतील हे अंतर गोदामवाल्याच्या पदरात पडते.

कार्तिकी एकादशीनंतर लग्नसराई सुरू होते. भांड्यांची मागणी त्यामुळे पुन्हा वाढते आणि पितळ व स्टेनलेस स्टीलच्या भंगाराला आधार मिळतो.

प्रदूषणामुळे येणारा ‘दुसरा बंद’

देशाच्या इतर भागांत दिवाळीनंतर बाजार पूर्ववत होतो. दिल्ली परिसरात मात्र त्याच वेळी हवेच्या प्रदूषणाचा हंगाम सुरू होतो. २०१७ साली अधिसूचित झालेल्या श्रेणीबद्ध कृती आराखड्यानुसार प्रदूषणाची पातळी वाढत जाईल तसे निर्बंध कठोर होतात. तिसऱ्या टप्प्यात अत्यावश्यक नसलेल्या बांधकामांवर आणि पाडकामांवर बंदी येते, तर चौथ्या टप्प्यात अत्यावश्यक मालवाहतूक व काही स्वच्छ इंधनांवरील वाहने वगळता ट्रकना दिल्लीत प्रवेश नाकारला जातो.

या निर्बंधांचा भंगारावर दुहेरी परिणाम होतो. पाडकाम थांबल्याने जुन्या इमारतींतील सळया, तुळया आणि खिडक्यांचे गज बाजारात येत नाहीत. बांधकाम थांबल्याने नव्या सळयांची मागणीही घटते आणि भट्ट्या भंगार कमी घेतात. पुरवठा व मागणी एकाच वेळी आटल्याने भाव कोणत्या दिशेने जाईल, हे आधी सांगणे कठीण होते. उलाढाल मात्र निश्चितपणे कमी होते. २०२३ साली दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. चौथ्या टप्प्याचे निर्बंध ५ नोव्हेंबरला लागू झाले आणि १८ नोव्हेंबरला मागे घेण्यात आले. म्हणजे सणाची सुट्टी पूर्णपणे निर्बंधांच्या काळात आली. २०२४ साली चौथा टप्पा १८ नोव्हेंबरपासून, म्हणजे छठसाठी गेलेले मजूर परतण्याच्या सुमारास, लागू झाला. त्यामुळे एका बंदाला लागूनच दुसरा बंद आला.

होळी, ईद आणि आर्थिक वर्षाची अखेर

वर्षातील दुसरा मोठा खंड मार्चमध्ये पडतो. होळीसाठी मजूर पुन्हा गावी जातात. याच महिन्यात आर्थिक वर्ष संपत असल्याने कारखानदार आणि व्यापारी साठा व उधारी कमी करण्याच्या प्रयत्नात असतात. रेल्वेसारख्या सरकारी यंत्रणांना भंगार विक्रीचे वार्षिक उद्दिष्ट गाठायचे असल्याने लिलावांकडेही विशेष लक्ष दिले जाते.

मुस्लिम समाजाच्या सणांचा परिणामही या बाजारात स्पष्ट दिसतो. सीलमपूर, मुस्तफाबाद आणि लोणी येथे भंगार सुटे करण्याच्या कामात मुस्लिम कारागिरांची संख्या मोठी आहे. रमजान महिन्यात कामाच्या वेळा बदलतात आणि दोन्ही ईदना काही दिवस काम थांबते. इस्लामी कालगणना चांद्र असल्याने हे सण दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतात. त्यामुळे ‘ईदचा हंगाम’ इंग्रजी महिन्यांत बांधता येत नाही. २०२५ साली धुळवड १४ मार्चला आणि ईद-उल-फित्र ३१ मार्चला, म्हणजे आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी, आली. एरवी वेगवेगळ्या वेळी येणारे तीन खंड त्या वर्षी एकाच महिन्यात एकवटले.

कावड यात्रा आणि राष्ट्रीय दिन

पावसाळ्यात बांधकामे मंदावल्याने लोखंडाच्या भंगाराला एरवीही उठाव कमी असतो. त्यात कावड यात्रेची भर पडते. उत्तरेकडे पौर्णिमान्त पंचांग प्रचलित असल्याने तेथील श्रावण महाराष्ट्राच्या श्रावणापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो. त्या पंधरवड्यात लाखो भाविक हरिद्वारहून गंगाजल घेऊन पायी परततात. यात्रेसाठी दिल्ली-मेरठ-मुझफ्फरनगर-हरिद्वार मार्गावर अवजड वाहनांना काही दिवस बंदी घातली जाते आणि वाहतूक लांबच्या मार्गाने वळवली जाते. मुझफ्फरनगरच्या भट्ट्यांकडे जाणारा माल त्यामुळे अडतो किंवा अधिक भाड्याने जातो. वाढलेले भाडे भट्टीच्या दरात दिसत नाही. ते भंगार विकणाऱ्याच्या दरातून वजा होते.

प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाच्या आदल्या रात्रीपासून सुरक्षेच्या कारणास्तव मालवाहू वाहनांना दिल्लीच्या सीमेवर थांबवले जाते. हा खंड एक-दोन दिवसांचाच असल्याने भावावर त्याचा ठसा उमटत नाही. सप्टेंबर २०२३ मधील जी-२० शिखर परिषदेच्या वेळीही असेच निर्बंध लागू करण्यात आले होते.

लंडन, शांघाय आणि ख्रिसमस

दिल्लीच्या बाजाराला परदेशातील सुट्ट्याही पाळाव्या लागतात. गुड फ्रायडेपासून ईस्टर मंडेपर्यंत लंडनचा धातू बाजार बंद असतो. २०२५ साली ही सुट्टी १८ ते २१ एप्रिल अशी होती. शनिवार-रविवार धरून सलग चार दिवस नवा दर मिळत नाही. या दिवसांत मायापुरीतील व्यापारी गुरुवारच्या बंद दरावर खरेदी करतो. पण मंगळवारी भाव घसरला तर तोटा होऊ नये म्हणून काही रुपये कमी लावतो. वर दिलेल्या उदाहरणात लंडनचा दर टनाला १०० डॉलरने उतरला, तर किलोमागे साडेआठ रुपये आणि १० टनांच्या एका खेपेमागे ८५,००० रुपये कमी होतात. व्यापाऱ्याची सावधगिरी त्यामुळे समजण्यासारखी आहे. मात्र तिची किंमत त्या चार दिवसांत माल विकणाऱ्याला मोजावी लागते. नाताळ, २६ डिसेंबर आणि १ जानेवारीच्या सुट्ट्यांनाही हेच घडते.

जगातील तांब्याचा आणि पोलादाचा सुमारे निम्मा वापर चीनमध्ये होतो. जानेवारी-फेब्रुवारीत येणारे चिनी नववर्ष आणि १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा या काळात शांघायचा वायदे बाजार बंद असतो. जगातील सर्वात मोठा ग्राहक रजेवर असल्याने लंडनमधील व्यवहारही रोडावतात आणि थोड्या खरेदी-विक्रीनेही दर अधिक हलतात. चीनची ऑक्टोबरमधील सुट्टी अनेकदा आपल्या नवरात्र-दसऱ्याच्या जवळ येते. अशा वेळी दिल्लीत मागणी वाढलेली आणि जागतिक बाजार निवांत, असे चित्र दिसते.

युरोप-अमेरिकेतील ख्रिसमसचा परिणाम दोन वेगळ्या वेळी जाणवतो. मुरादाबाद शहर राजधानी क्षेत्राबाहेर असले, तरी दिल्लीच्या पितळ बाजाराशी त्याचा निकटचा संबंध आहे. तेथील पितळी शोभेच्या वस्तू ख्रिसमसच्या विक्रीसाठी परदेशी जातात. समुद्रमार्गे लागणारा वेळ लक्षात घेता हा माल उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तयार करावा लागतो. डिसेंबरमधील सणासाठी पितळेच्या भंगाराची मागणी त्यामुळे आपल्याकडे सहा-सहा महिने आधी निर्माण होते. दुसरीकडे, वर्षअखेरीस तेथील भंगार गोळा करणारी केंद्रे बंद राहतात. तेव्हा न भरलेल्या कंटेनरची उणीव साधारण महिना-दीड महिन्याने तुघलकाबाद आणि दादरी येथील कंटेनर आगारांत जाणवते.

सणांच्या मर्यादा

सुट्ट्यांचे परिणाम अल्पकालीन असतात. जागतिक तेजी-मंदीचा जोर त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. २००८ साली याचा अनुभव आला. त्या वर्षी जुलैच्या प्रारंभी लंडनमध्ये तांबे टनाला ८,९०० डॉलरच्या आसपास होते. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक कोसळली. २८ ऑक्टोबरला दिवाळी आली तेव्हा धातूंचे भाव वेगाने घसरत होते आणि वर्षअखेरीस तांबे ३,००० डॉलरच्या खाली गेले. धनत्रयोदशीची मागणी ही घसरण रोखू शकली नाही. याउलट मे २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे दिल्लीत टाळेबंदी असतानाही लंडनमध्ये तांब्याने १०,००० डॉलरचा टप्पा ओलांडला.

भार कोणावर?

भंगाराची साखळी कचरावेचकापासून सुरू होते. त्याच्याकडून किंवा घरमालकाकडून कबाडीवाला माल घेतो, तो गोदामवाल्याला विकतो, गोदामवाला घाऊक व्यापाऱ्याला आणि घाऊक व्यापारी भट्टीला. सुट्टीच्या काळातील भावांची घसरण तात्पुरती असते, हे या साखळीतील प्रत्येकाला ठाऊक असते. थांबणे मात्र प्रत्येकाला शक्य नसते. ज्याच्याकडे गोदाम आणि भांडवल आहे, तो दिवाळीपूर्वी स्वस्तात घेतलेला माल छठनंतर विकू शकतो. कचरावेचकाकडे माल ठेवायला जागा नसते आणि रोजचा खर्च रोजच्या विक्रीतून भागवावा लागतो. गावी जाण्याचे भाडे आणि मुलांचे कपडे यांसाठी त्याला सणापूर्वीच रोकड हवी असते. त्यामुळे भाव सर्वात कमी असतो, त्याच दिवसांत तो साठवलेला माल मोडतो. शिवाय गोदामवाल्याकडून उचल घेतलेली असेल, तर माल दुसरीकडे नेण्याची मोकळीकही त्याला राहत नाही.

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ सालच्या नियमांनी कचरावेचकांच्या कामाला मान्यता दिली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. माल वेगळा करून ठेवण्यासाठी सुरक्षित जागा आणि सणापूर्वी अल्प मुदतीचे कर्ज या दोन सोयी झाल्या, तर हंगामी घसरणीचा मोठा भाग त्यांना टाळता येईल. भाव बदलणे कोणाच्याच हाती नाही. विक्रीचा दिवस निवडण्याची मुभा मात्र देता येण्यासारखी आहे.

घरातील भंगार विकताना

सर्वसामान्य कुटुंबांनाही या माहितीचा उपयोग होऊ शकतो. दिवाळीची साफसफाई आधी केली, तरी तांबे, पितळ व अ‍ॅल्युमिनियम लोखंडापासून वेगळे करून बाजूला ठेवावे आणि गर्दीचा पंधरवडा टळल्यावर विकावे. एकत्र दिलेल्या मालाला बहुधा सर्वात स्वस्त धातूचा दर मिळतो. भांड्यांच्या दुकानात मोड देताना जुन्याचा दर आणि नव्याचा दर स्वतंत्रपणे विचारावेत. गुड फ्रायडे किंवा वर्षअखेरीच्या सुट्टीत तांब्याची मोठी विक्री शक्यतो टाळावी. जुने संगणक व मोबाईल संच २०२२ सालच्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रांकडे पोहोचतील, असे पाहावे. जुनी मोटारगाडी नोंदणीकृत मोडणी केंद्रातच द्यावी आणि तेथून वाहन जमा केल्याचे प्रमाणपत्र न विसरता घ्यावे.